लोहाऱ्याचा कोळसा निघाला नाही, बिल मात्र आले

ताडोबालगतचा लोहारा कोळसा पट्टा २००७ मध्ये वाटला गेला आणि २०१० मध्ये अडला. या निर्णयाची किंमत कोणी मोजायची, याचा निवाडा होण्यास २०२३ साल उजाडले. चंद्रपूर-गडचिरोलीतील ऊर्जाप्रकल्पांचे यशापयश शासकीय निर्णयांच्या क्रमाशी कसे बांधलेले आहे, याचा हा आढावा.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे निघाले की आरंभीचा रस्ता कोळशाचा आहे. महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खाणी, उपसलेल्या मातीचे ढिगारे, ट्रकांची ये-जा. पुढे झाडी दाट होते, आगरझरी मागे पडते आणि सुमारे तीस किलोमीटरवर मोहर्लीला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार येते. गावानजीक पसरलेले पाणी इरई धरणाचे आहे. हे धरण वीज केंद्राला पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. पर्यटक ज्या जलाशयाच्या काठी पक्षी पाहत थांबतात, त्याच पाण्यावर चंद्रपूरचे संच चालतात. वाघ आणि वीज यांच्यातील अंतर या भागात किती कमी आहे, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये साऱ्या राज्याला कळले. वीज केंद्राच्या परिसरातच वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराला प्राण गमवावे लागले होते.

या दोहोंतील संघर्ष अटळच आहे, असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एका बाजूस विकास अडवणारे पर्यावरणवादी आणि दुसऱ्या बाजूस जंगल गिळणारे उद्योजक, ही मांडणी सोयीची असल्याने वर्षानुवर्षे टिकून आहे. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीत गेल्या चार दशकांत उभे राहिलेले आणि न राहिलेले प्रकल्प एकापुढे एक ठेवून पाहिले, तर वेगळे चित्र दिसते. जेथे जमीन, पाणी, इंधन, पारेषण आणि ग्राहक यांचा विचार करारापूर्वी झाला, तेथे प्रकल्प उभे राहिले. जेथे आधी वाटप झाले आणि जागा योग्य आहे का, हा प्रश्न नंतर विचारला गेला, तेथे ते अडले. अडल्यानंतरचे नुकसान मात्र चुकीचा क्रम लावणाऱ्या खात्याला कधीच सोसावे लागले नाही. लोहारा हे याचे सर्वात ठळक उदाहरण होय.

लोहाऱ्याची सव्वादोन वर्षे

लोहारा हे चंद्रपूर-मूल रस्त्यावरील गाव. त्याच्या परिसरातील जंगल ताडोबाच्या दक्षिण अंगाला भिडलेले आहे. या जंगलाखाली कोळसा आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. आणि ते जंगल वाघांच्या येण्याजाण्याचे आहे, हे वनखात्याला. नोव्हेंबर २००७ मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयाने लोहारा पश्चिम आणि लोहारा विस्तार हे पट्टे अदानी समूहाच्या वीज कंपनीला दिले. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे उभ्या राहणाऱ्या औष्णिक वीज केंद्रासाठी हा कोळसा वापरायचा होता.

येथे तारखांकडे लक्ष दिले पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला गाभा व बफर असे दोन क्षेत्र असावेत, अशी तरतूद झाली. म्हणजे ताडोबाभोवती बफर क्षेत्र आखले जाणार, हे लोहाऱ्याचे वाटप होण्याच्या आधीच कायद्याने ठरले होते. वाटपानंतर दुसऱ्याच महिन्यात, डिसेंबर २००७ मध्ये, राज्य शासनाने ताडोबा-अंधारीचे सुमारे ६२५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील व्याघ्र अधिवास म्हणून अधिसूचित केले. एक शासन दिल्लीत कोळशाचा नकाशा पाहत होते आणि दुसरे मुंबईत वाघाचा. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

मे २००८ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने या खाणीच्या पर्यावरण आघात मूल्यांकनासाठी कार्यकक्षा ठरवून दिली. कार्यकक्षा म्हणजे मंजुरी नव्हे. कोणत्या बाबींचा अभ्यास करावा, याची ती यादी असते. पण व्यवहारात ती मिळाली की प्रकल्प मार्गी लागला, असे समजले जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महावितरण आणि तिरोड्याची कंपनी यांच्यात १,३२० मेगावॅटचा दीर्घ मुदतीचा वीज खरेदी करार झाला. त्यातील ८०० मेगावॅट विजेचे इंधन लोहाऱ्यातून येणार होते. स्पर्धात्मक निविदेतून ठरलेला समतुल्य दर प्रतियुनिट सुमारे २ रुपये ६४ पैसे होता. हा दर ज्या कोळशाच्या भरवशावर दिला गेला, त्या खाणीला तेव्हा पर्यावरण मंजुरीही नव्हती आणि वनजमीन वळती करण्याची परवानगीही नव्हती.

२००९ मध्ये चंद्रपुरात या खाणीविरुद्ध जनमत संघटित झाले. ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले आणि हा प्रश्न जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयापर्यंत पोहोचला. जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयाने दिलेली कार्यकक्षा मागे घेतली. खाणीचा पट्टा ताडोबाच्या बफर क्षेत्रात येतो, हे त्यामागचे कारण होते. बफर क्षेत्राची अधिसूचना निघाली ती त्यानंतर, मे २०१० मध्ये. सुमारे १,१०० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात ७९ गावे आली आणि मोहर्लीच्या परिसराचाही त्यात समावेश झाला.

खाण अडली हे योग्यच झाले, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आजही तितकेच सबळ आहे. ताडोबातून बाहेर पडणाऱ्या वाघांना दुसऱ्या जंगलात जाण्यासाठी जी वाट लागते, तीच खाणीने तोडली असती. पण नकार योग्य असेल, तर होकार मुळात का दिला गेला, हा प्रश्न उरतो. लोहाऱ्याचे जंगल २००७ ते २०१० या काळात बदललेले नव्हते. त्याच्याविषयीची माहितीही शासनाकडे आधीपासून होती. ती विचारली गेली मात्र उशिरा.

बिल कोणाच्या नावे

खाण गेली, पण करार राहिला. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या केंद्रात लोहाऱ्याऐवजी अन्य ठिकाणचा, अधिक महाग कोळसा जाळावा लागला. करारातील दर आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत कोणी सोसायची, यावर वाद सुरू झाला. कंपनीचे म्हणणे असे की, खाण शासनाने दिली आणि शासनाच्याच निर्णयाने ती हातची गेली. यात आपला दोष नाही. महावितरणचे म्हणणे असे की, इंधन मिळवण्याची जबाबदारी निविदाकाराची असून, मंजुऱ्या मिळण्यापूर्वी दर देणे हा त्याने पत्करलेला धोका आहे.

वरवर पाहता दोन्ही बाजू पटण्याजोग्या आहेत, आणि वाद लांबण्याचे कारणही तेच. राज्य वीज नियामक आयोगाने २०१४ मध्ये भरपाई दराच्या वाटेने कंपनीला दिलासा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एनर्जी वॉचडॉग’ प्रकरणात तशा सर्वसाधारण भरपाईची वाट बंद केली. इंडोनेशियातील कोळसा महागला म्हणून भारतीय ग्राहकाकडून वाढीव दर घेता येणार नाही, पण भारतातील कायदा किंवा शासकीय धोरण बदलल्याने खर्च वाढला असेल, तर करारातील ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली भरपाई मिळू शकते, असे त्या निकालाने स्पष्ट झाले. लोहाऱ्याचा वाद मग या एका प्रश्नावर येऊन ठेपला : शासनाने खाणीची वाट बंद करणे हा ‘कायद्यातील बदल’ होतो काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये अपिलीय वीज न्यायाधिकरणाने होतो असे म्हटले आणि कंपनीला विलंबाच्या आकारासह भरपाई मागण्याचा हक्क दिला. महावितरणने सर्वोच्च न्यायालयात केलेले अपील एप्रिल २०२३ मध्ये फेटाळले गेले. नोव्हेंबर २००७ मधील वाटपाचा हिशेब मिटायला अशी साडेपंधरा वर्षे लागली.

न्यायालयांनी कराराचा अर्थ लावला. त्यांचे काम तेच होते. पण या निकालातून धोरणाविषयी निघणारा अर्थ फारसा चर्चिला गेला नाही. पट्टा वाटला कोळसा मंत्रालयाने. कार्यकक्षा दिली आणि काढून घेतली पर्यावरण मंत्रालयाने. यांपैकी कोणालाही एक रुपयाही भरावा लागला नाही. देणे आले ते राज्याच्या मालकीच्या महावितरणवर, आणि वीज खरेदीचा असा वाढीव खर्च नियामक आयोगाच्या मंजुरीने शेवटी ग्राहकाच्या दरात उतरतो. मोहर्लीचा रहिवासी एकीकडे बफर क्षेत्राचे निर्बंध पाळतो, शेतात शिरणारी रानडुकरे आणि वाघाचे भय सोसतो. शेजारच्या जंगलात न निघालेल्या कोळशाचा भारही वीज बिलातून तोच उचलतो. नागपूरच्या कापडदुकानदाराची किंवा कोल्हापूरच्या ऊसबागायतदाराची गोष्ट याहून वेगळी नाही; त्यांना एवढेच की लोहारा कोठे आहे, हेही ठाऊक नसेल.

चुकीची किंमत चूक करणाऱ्याला मोजावी लागत नसेल, तर चूक टाळण्याचे कारणही त्याच्याकडे राहत नाही. या प्रकरणाचे मर्म येथे आहे.

भद्रावतीची ओसाड जमीन

लोहारा हा काही पहिला प्रसंग नव्हता. १९९१ नंतर वीजनिर्मिती खासगी क्षेत्राला खुली झाली, तेव्हा केंद्राने आठ प्रकल्प ‘जलदगती’ म्हणून निवडले. त्यांत महाराष्ट्राचे दोन होते. एक दाभोळ. दुसरा चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील, इस्पात समूहाचा १,०८२ मेगावॅटचा प्रकल्प. पहिल्याची कहाणी सर्वश्रुत आहे : १९९३ मध्ये करार, १९९५ मध्ये रद्द, फेरवाटाघाटी, १९९९ मध्ये उत्पादन आणि २००१ मध्ये बंद. दुसरा उभाच राहिला नाही, म्हणून त्याची आठवण जिल्ह्याबाहेर कोणी ठेवली नाही.

भद्रावतीत जंगलाचा मोठा अडसर नव्हता. जमीन संपादित झाली होती. कोळसा हाकेच्या अंतरावर होता. अडसर होता तो ग्राहकाचा. विजेचा एकमेव खरेदीदार असलेले महाराष्ट्र राज्य वीज मंडळ दाभोळच्या दराखाली वाकले होते, आणि त्याच्या देणी चुकवण्याच्या ताकदीवर कर्ज देणाऱ्या संस्थांचा विश्वास राहिला नव्हता. एका प्रकल्पाचा करार स्पर्धेविना आणि घाईने केल्याची किंमत दुसऱ्या प्रकल्पाने चुकवली. भद्रावती परिसरातील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना ना शेती राहिली, ना वीज केंद्रातील नोकरी मिळाली. त्या पडीक जमिनीचा प्रश्न पुढील कित्येक वर्षे जिल्ह्याच्या राजकारणात येत राहिला.

त्याच भद्रावती तालुक्यात बरांजच्या खुल्या खाणी कर्नाटकच्या वीज महामंडळाला दिल्या गेल्या होत्या. तेथून कोळसा बेल्लारीच्या केंद्राकडे जात असे. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील २०४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यात बरांजही गेले. ज्या वाटपपद्धतीत निकष लेखी नव्हते आणि निवडीची कारणे नोंदवली जात नव्हती, ती पद्धत न्यायालयात टिकली नाही. २०१५ मध्ये खाण बंद पडली आणि पुन्हा सुरू होईपर्यंत २०२० चा डिसेंबर आला. मधली पाच वर्षे कामगार आणि पुनर्वसनाची वाट पाहणारी कुटुंबे अधांतरी राहिली.

याहीमागे जायचे, तर १९८० च्या दशकाच्या आरंभी गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपटणम या जलविद्युत प्रकल्पांचा बेत होता. त्यांत गडचिरोलीच्या दक्षिणेकडील मोठे जंगल आणि आदिवासी गावे बुडणार होती. १९८४ मध्ये ‘मानव बचाओ, जंगल बचाओ’ या आंदोलनात बाबा आमटे उतरले आणि हजारो आदिवासी एकत्र आले. दोन्ही धरणे झाली नाहीत. राज्ये एकमेकांशी पाणी आणि वीज यांच्या वाटणीबद्दल बोलत होती. ज्यांची गावे बुडणार, त्यांच्याशी बोलणे शेवटी व्हायचे होते. ते शेवटी व्हायचे असल्यानेच संघर्षाच्या रूपाने झाले.

जे उभे राहिले

या अपयशांसमोर चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र ठेवून पाहावे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात २१० मेगावॅटच्या संचांनी सुरू झालेले हे केंद्र पुढे पाचशे मेगावॅटच्या संचांनी वाढत गेले. जुने दोन संच निवृत्त झाल्यावर आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. येथे खाण, धरण, केंद्र आणि वाहिन्या यांचा विचार एकत्र झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर ते कल्याणजवळील पडघे अशी सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी झाली आणि विदर्भातील वीज मुंबईच्या परिसरात पोहोचू लागली. भद्रावतीतील पॉवरग्रिडच्या केंद्राने पश्चिम व दक्षिण भारताचे वीजजाल याच सुमारास जोडले. ही कामे तांत्रिकदृष्ट्या सोपी नव्हती. पण एका खात्याने जे दिले, ते दुसऱ्याने काढून घेतले, असे त्यांच्याबाबत घडले नाही.

याचा अर्थ सरकारी प्रकल्प चांगले आणि खासगी वाईट, असा काढणे चुकीचे ठरेल. तिरोड्याचे खासगी केंद्र उभे राहिले आणि राज्याच्या विजेत आज त्याचा मोठा वाटा आहे. चंद्रपूर केंद्राच्या नियोजनातही एक मोठी उणीव होती. एवढ्या केंद्रांचा आणि खाणींचा एकत्रित भार या खोऱ्याची हवा आणि पाणी सोसेल का, हे कोणी मोजले नाही. जानेवारी २०१० मध्ये, लोहाऱ्याची कार्यकक्षा मागे घेतली गेली त्याच महिन्यात, केंद्राच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या आलेल्या चंद्रपुरात नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीवर तात्पुरती बंदी लागू झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि पाण्याअभावी वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. ज्या जंगलातून इरईला पाणी येते, त्याचे रक्षण हा वीजनिर्मितीचाही प्रश्न आहे, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

नियमांची ये-जा

२००९ आणि २०१० ही वर्षे खरे तर शहाणपण येण्याची होती. ऑगस्ट २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळती करण्यापूर्वी वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभांची संमती आवश्यक केली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्काची मान्यता मिळाली, तीही त्याच वर्षी. पाठोपाठ कोळसा आणि पर्यावरण मंत्रालयांनी मिळून वर्धा खोऱ्यासह नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे तपासले आणि कोठे खाणकाम होऊ शकते व कोठे होऊ नये, अशी विभागणी केली. लोहाऱ्यात जे शेवटी झाले, ते सुरुवातीला करण्याचा हा प्रयत्न होता.

तो टिकला नाही. बरेच पट्टे निषिद्ध ठरतात, असे दिसल्यावर ऊर्जा आणि कोळसा खात्यांनी विरोध केला, मंत्रिगट नेमला गेला आणि विभागणी बाजूला पडली. त्यांच्या विरोधामागे कारण नव्हते, असे नाही. ग्रामीण महाराष्ट्राने त्या दशकात दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले होते. रात्री दोन वाजता पिकाला पाणी द्यायला उठणाऱ्या शेतकऱ्याला ‘हा पट्टा निषिद्ध’ असे सांगणे सोपे नव्हते. पण निषिद्ध पट्टा आज वाटला म्हणून त्या शेतकऱ्याला उद्या वीज मिळत नाही. मिळतो तो खटला आणि कालांतराने वाढलेला दर. लोहाऱ्याने हेच सिद्ध केले.

जून २०२० मध्ये व्यापारी खाणकामासाठी ४१ खाणींचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा त्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातील बंदर हा पट्टा होता. ताडोबाच्या उत्तरेकडील वाघांच्या संचारमार्गात तो येतो. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि थोड्याच दिवसांत पट्टा यादीतून वगळला गेला. लोहाऱ्याच्या मानाने ही प्रगतीच म्हणायची, कारण करार होण्याआधी निर्णय फिरला. पण मंत्र्याने पत्र लिहिल्यावर पट्टा वगळावा लागतो, तेव्हा यादी करतानाच तो का वगळला गेला नाही, हे विचारणे भाग आहे. पत्र न लिहिणारा मंत्री असता तर काय झाले असते?

उलट दिशेची पावलेही पडली आहेत. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी क्रम पुन्हा फिरवला. केंद्राने आधी अंतिम मान्यता द्यावी आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने त्यानंतर करावी, अशी व्यवस्था झाली. यामुळे कागद वेगाने हलतील, यात शंका नाही. पण मान्यता मिळालेल्या, पैसे गुंतलेल्या प्रकल्पासमोर ग्रामसभेने नकार दिला, तर राज्य काय करणार? नकार मानला, तर लोहाऱ्यासारखा भरपाईचा दावा संभवतो. न मानला, तर आंदोलन आणि न्यायालय. दोन्ही वाटांनी उशीर ठरलेला आहे.

धोरणाच्या अस्थैर्याचा फटका पर्यावरणालाही तितकाच बसतो. औष्णिक केंद्रांच्या गंधक प्रदूषणाची मानके डिसेंबर २०१५ मध्ये ठरली. त्यांची मुदत वारंवार वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळील केंद्रांबाबत प्रकरणागणिक निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी वेळेत यंत्रणा बसवण्यासाठी पैसे गुंतवले ते पस्तावले आणि ज्यांनी चालढकल केली ते वाचले. नियम पाळणाऱ्यापेक्षा वाट पाहणारा शहाणा ठरावा, अशी ही व्यवस्था आहे.

आधी जागा, मग निविदा

क्रम सुलट लावण्याचे प्रयोग देशात झालेले आहेत. २००५-०६ मध्ये अतिविशाल वीज प्रकल्पांची योजना आली. तिच्यात सरकारी वित्तसंस्थेने आधी स्वतंत्र कंपनी स्थापावी, जागा, पाणी, कोळसा आणि मंजुऱ्या यांची तजवीज करावी आणि मग तयार कंपनी निविदेतून खासगी उद्योगाकडे सोपवावी, अशी कल्पना होती. मध्य प्रदेशातील सासन येथे ती बऱ्याच अंशी साधली. झारखंडमधील तिलैया येथे जमीनच ताब्यात मिळाली नाही, आणि २०१५ मध्ये कंपनी बाहेर पडली. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील गिर्ये आणि मुणगे येथे आंबा बागायतदारांचा विरोध ओळखून बेत सोडून दिला गेला. तेथे प्रकल्प झाला नाही, पण कोणाला भरपाईही द्यावी लागली नाही. नकार वेळेवर मिळाला, तर तो स्वस्त पडतो. शेतीसाठीच्या सौर योजनेत राज्याने उपकेंद्रांजवळच्या शासकीय जमिनी आधी निश्चित करून निविदा काढण्याचा मार्ग धरला, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान आहे.

इरई धरणाकडे आता याच दृष्टीने पाहिले पाहिजे. २०२३ मध्ये या जलाशयावर १०५ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प उभारण्याचे काम महानिर्मितीकडून एसजेव्हीएन या सार्वजनिक कंपनीच्या उपकंपनीला देण्याचे ठरले. सौरऊर्जा स्वच्छ आहे. कोळशाशी तिची तुलना होऊ शकत नाही. तरीही हा जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या उंबऱ्यावर आहे, हिवाळ्यात तेथे पाणपक्षी उतरतात आणि काठच्या गावांतील लोक मासेमारी करतात. पॅनेल कोठे असावेत, किती पाणी मोकळे राहावे, मच्छीमारांचे काय, हे प्रश्न करारानंतर विचारले गेले, तर स्वच्छ ऊर्जेचा प्रकल्पही लोहाऱ्याच्याच वाटेने जाऊ शकतो.

लोहाऱ्यावरून शासनाला तीन गोष्टी करता येतील. कोळशाचा पट्टा असो वा पाण्याचा तुकडा, लिलावाच्या यादीत घालण्यापूर्वी वनखाते, व्याघ्र प्राधिकरण आणि ग्रामसभा यांचे लेखी मत घेऊन ते जाहीर करावे. मंजुऱ्या हाती नसलेल्या इंधनाच्या भरवशावर दीर्घ मुदतीचे वीज करार करू नयेत. नियामक आयोगाने असे करार मान्यतेच्या वेळीच रोखावेत. आणि शासकीय खात्याने स्वतःचेच वाटप निष्फळ केले, तर भरपाईचा भार त्या खात्याच्या अंदाजपत्रकावर पडावा, ग्राहकाच्या बिलावर नव्हे. यांतील तिसरी गोष्ट कोणत्याही सरकारला रुचणारी नाही. पण ती झाली, तर पहिल्या दोन आपोआप होतील.

ताडोबाच्या गाभ्यात कोळसा नावाचे एक गाव आहे. त्या जंगलाखाली काय आहे, हे त्या गावाच्या पूर्वजांना खाण खात्याच्याही आधी कळले असावे. मोहर्ली आणि लोहारा परिसरातील जंगल कोळशासाठी आहे की वाघासाठी, याचे उत्तर शासनाने २०१० मध्ये दिले, आणि ते बदललेले नाही. ते २००७ मध्ये दिले असते, तर तिरोड्याच्या कंपनीने वेगळा दर दिला असता, महावितरणने तो पाहून निर्णय घेतला असता आणि त्यानंतरची तेरा वर्षे आयोग, न्यायाधिकरण आणि न्यायालय यांच्यात गेली नसती.